आइस्क्रीमच्या गल्ल्यावरचं कॉलेज

आमच्याकडे कलकत्त्याच्या गोष्टी सांगाव्यात त्या आजोबांनी. १९४०च्या सुमारास नोकरीपायी ते तिकडे गेले, आणि दात काढणं ही शिकायची विद्या आहे हे त्यांना तिथे कळलं. गावच्या आठवडी बाजारात दात काढणारा फडकं पसरून बसायचा, पुढ्यात उपटलेल्या दातांचा ढीग. जेवढा ढीग मोठा, तेवढा लौकिक मोठा. त्याने आजोबांच्या थोरल्या भावाच्या छातीवर गुडघा रोवून दाढ उपटली होती. गाल कितीतरी दिवस सुजलेला. कलकत्त्याच्या डेंटल कॉलेजात मात्र एक विद्यार्थी आधी साबणाने हात धुऊन आला, सुई टोचून त्याने जबडा बधिर केला, मगच चिमटा उचलला. ते हात धुणं आजोबा दर वेळी सांगत.

हे कॉलेज डॉ. रफिउद्दीन अहमद यांनी १९२० साली काढलेलं. जन्म पूर्व बंगालातला, शिक्षण अमेरिकेत आयोवा विद्यापीठात, काही काळ बोस्टनमध्ये काम, १९१९मध्ये परत. पैसा? त्यांनी कलकत्त्यात ‘न्यूयॉर्क सोडा फाउंटन’ नावाचं आइस्क्रीमचं दुकान चालवलं आणि त्याच्या गल्ल्यावर कॉलेज उभं केलं. पुढे त्यांना मिळालेल्या साऱ्या पदांपेक्षा मला हे धाडस मोठं वाटतं.

आजी मध्येच विचारायची, “बायकांना घ्यायचे का हो तिथे?”

घ्यायचे. महंमद अली जिनांच्या भगिनी फातिमा जिना तिथेच शिकल्या आणि १९२३मध्ये त्यांनी मुंबईत अब्दुल रहमान स्ट्रीटवर दवाखाना थाटला.

पण नुसतं कॉलेज काढून भागणार नव्हतं. कुणीही उठावं आणि दंतवैद्य म्हणून पाटी लावावी, अशी तेव्हा मोकळीक होती. अहमद १९३२मध्ये कलकत्ता महापालिकेत नगरसेवक झाले, पुढे आल्डरमन. १९३९मध्ये बंगालात दंतवैद्यकाचा कायदा झाला तो त्यांच्याच खटपटीने. देशाचा कायदा १९४८चा. १९४९मध्ये त्यांनी कॉलेज सरकारच्या हवाली केलं. कलकत्त्याचं महापौरपद भूषवलेले डॉ. बिधानचंद्र रॉय तेव्हा पश्चिम बंगालचे मुख्यमंत्री होते. त्यांच्या मंत्रिमंडळात १९५०पासून अहमद यांनी शेती, सहकार, निर्वासितांचं पुनर्वसन अशी खाती सांभाळली. फाळणीनंतरच्या बंगालात पुनर्वसन म्हणजे रोजचा आकांत.

आजोबांना मंत्रिपदाचं अप्रूप नव्हतं. निवृत्तीनंतर गावी आल्यावर नगरपालिकेचा उमेदवार दारात मत मागायला आला, की ते पाणी विचारायच्या आधी विचारत, “दवाखान्यात दातांचा डॉक्टर कधी बसवणार?”