सीडी प्लेअरच्या दुरुस्तीचा इतिहास

फिलिप्स आणि सोनी या कंपन्यांनी १९८० साली कॉम्पॅक्ट डिस्कचे मानक ठरवले. १ ऑक्टोबर १९८२ रोजी सोनीचा सीडीपी-१०१ हा प्लेअर जपानमध्ये विक्रीस आला. महाराष्ट्रातील मध्यमवर्गीय घरांत मात्र हे यंत्र १९९१च्या आर्थिक उदारीकरणानंतर रुळले. पाठोपाठ तेवढ्याच, १२ सेंटिमीटरच्या तबकडीवरून चित्रपट दाखवणारे व्हीसीडी प्लेअर आले आणि दुरुस्तीचे काम वाढले.

या कामाला लागणारे सुटे भाग मुंबईत ग्रँट रोड स्थानकाजवळच्या लॅमिंग्टन रोडवर आणि पुण्यात बुधवार पेठेतील तपकीर गल्लीत मिळत. कारागीर रेडिओ आणि टेपरेकॉर्डरवर तयार झालेले होते. टेपचा दोष बहुधा डोळ्यांना दिसे: हेडवर साचलेला मळ, सैल झालेला बेल्ट, झिजलेला रबरी रोलर, गुंतलेली फीत. सीडी वाचताना तबकडीला काहीही टेकत नाही. ७८० नॅनोमीटर तरंगलांबीचा लेझर तिच्यावर पडतो आणि एकमेकांपासून १.६ मायक्रोमीटर अंतरावरच्या वळणांतील सूक्ष्म खाचा परावर्तित प्रकाशातून वाचल्या जातात. त्यामुळे दोष कुठेही असला तरी पडद्यावर अनेकदा ‘नो डिस्क’ एवढेच उमटे.

दोष शोधण्याची पद्धत यंत्राच्या कामाच्या क्रमावरूनच घडली. ट्रे बाहेर येत नसेल, तर आधी त्याचा रबरी बेल्ट पाहायचा. जुना बेल्ट ताण गमावतो आणि मोटर नुसतीच फिरते. ट्रे बंद झाल्यावर लेन्स वर-खाली हलून केंद्र साधते. पुरेसा प्रकाश परत आला नाही, तर बहुतेक यंत्रे तबकडी फिरवणे थांबवतात. म्हणून दुसरी पायरी लेन्स पुसण्याची: कापसाच्या काडीवर थोडे आयसोप्रोपिल अल्कोहोल घेऊन, दाब न देता. गाणे सुरू होऊन पुढे अडखळत असेल, तर आधी दुसरी तबकडी लावून पाहायची; मग पिकअप, म्हणजे लेझर आणि लेन्स बसवलेला भाग, ज्या दांड्यांवरून सरकतो तिथले वाळलेले ग्रीस काढून नवे लावायचे. एवढे काम घरीही होऊ शकते, फक्त प्लग काढलेला हवा. हा लेझर डोळ्यांना जवळजवळ दिसत नाही, तरी इजा करू शकतो. त्यामुळे चालू यंत्राच्या लेन्सकडे थेट पाहायचे नाही.

लेझर डायोड क्षीण झाला, की पूर्वी काही कारागीर पिकअपवरचा प्रीसेट (लहान बदलता रोधक) फिरवून प्रवाह वाढवत. यंत्र पुन्हा वाजे, पण डायोडचे उरलेले आयुष्य घटे. योग्य जुळवणीसाठी ऑसिलोस्कोपवर सिग्नलचा आकार पाहावा लागतो आणि ते उपकरण लहान दुकानांना परवडत नसे. सोनीच्या केएसएस-२१३सारखे तयार पिकअप बाजारात सहज मिळू लागल्यावर पूर्ण पिकअप बदलणे हीच रीत झाली. स्थिर विजेपासून बचावासाठी अशा अनेक पिकअपवर सोल्डरचा एक ठिपका दिलेला असतो. जोडणी झाल्यावर तो काढला नाही, तर नवा पिकअपही चालत नाही.

डीव्हीडी, एमपी३ आणि नंतर मोबाइल आल्यावर प्लेअर मागे पडले आणि नवा प्लेअर दुरुस्तीपेक्षा स्वस्त वाटू लागला. ज्या यंत्रांचे मूळ पिकअप बनणे थांबले, त्यांना बंद पडलेल्या यंत्रांतून काढलेल्या भागांचा आधार उरला. कारागिरांनी घालून दिलेला क्रम मात्र आजही तसाच लागू पडतो: आधी तबकडी आणि बेल्ट, मग लेन्स आणि ग्रीस, आणि शेवटी पिकअप.