ठिपका मधोमध

मी विमानदलात इन्स्ट्रुमेंट फिटर होतो. बेळगावजवळच्या सांबऱ्याला कवायत झाली, मग ट्रेडचं शिक्षण, मग कुठकुठले हँगर. वैमानिक ज्या घड्याळांकडे बघून विमान चालवतो ती उघडायची, साफ करायची, तपासायची आणि परत बसवायची, एवढंच माझं काम. विमान कधी चालवलं नाही. निवृत्तीनंतर इटियाडोहला परतलो. धरणाच्या कालव्यावर दोन बांध्या आहेत, धान होतो, दिवस जातो. पण परिसरात कुणाच्या लेकराने एअर फोर्सचा फॉर्म भरला की त्याला माझ्याकडे धाडतात. सध्या माझ्या चुलतभावाची नात येते. एनडीएची लेखी पास झाली, निवड बोर्डाचं बोलावणं यायचं आहे. तिला धास्ती मात्र बोर्डाची नाही, सीपीएसएसची आहे. ही वैमानिक निवडायची चाचणी. आयुष्यात एकदाच देता येते. त्यात नापास झालं की फ्लाइंग ब्रांचचं दार कायमचं बंद.

"आबा, याची तयारी कशी करतेत?" तिने पहिल्याच दिवशी विचारलं. बोर्डावरचे लोक म्हणतात, तयारी होत नाही. क्लासवाले म्हणतात, होते, इतके हजार भरा. मी तिला म्हटलं, आधी ही भानगड सुरू कशी झाली ते ऐक, मग ठरव.

विमान नवं होतं तेव्हा ते कुणाला द्यायचं हे कुणालाच ठाऊक नव्हतं. पहिल्या महायुद्धात इंग्रज अधिकारी उमेदवाराला विचारत, घोड्यावर बसता येतं का? लगाम हलक्या हाताने धरणारा विमानही हलक्या हाताने धरेल, असा हिशेब. फ्रेंचांनी वेगळंच काढलं. उमेदवाराच्या नकळत पिस्तुलाचा बार काढायचा आणि त्याचा श्वास, नाडी, हाताची थरथर मोजायची. वाचून हसू येतं, पण माणसाचं शरीर मोजून वैमानिक ओळखायचा, ही कल्पना तिथेच रुजली.

त्या युद्धात चार हिंदी तरुण विमानातून लढले. हरदित सिंग मलिक, इंद्रलाल रॉय, एरॉल चंदर सेन आणि मुंबईचे श्रीकृष्ण वेलिणकर. वेलिणकर १९१८च्या जूनमध्ये फ्रान्समध्ये पडले. रॉय यांना डोळे कमजोर म्हणून आधी परत पाठवलं होतं. त्यांनी एका नामांकित नेत्रतज्ज्ञाकडून पुन्हा तपासून घेतलं, तेव्हा कुठे त्यांना घेतलं. मलिक यांच्यासाठी ऑक्सफर्डच्या त्यांच्या शिक्षकाने वरच्या जनरलला पत्र लिहिलं होतं. हे मी मुद्दाम सांगतो. चाचणी नव्हती तेव्हा चिठ्ठी चालायची. ऑक्सफर्डचा मास्तर ओळखीचा नसलेल्या मुलाने कुणाची चिठ्ठी आणायची?

आपलं विमानदल निघालं ८ ऑक्टोबर १९३२ला. त्याआधी सहा जण क्रॅनवेलला शिकायला गेले. पाच वैमानिक होऊन आले, त्यांत सुब्रोतो मुखर्जी होते. सहावे जे. एन. टंडन. त्यांची उंची वैमानिकाला कमी पडली आणि त्यांना सामानसुमानाच्या शाखेत जावं लागलं. म्हणजे आपल्या पहिल्याच तुकडीत एक माणूस मापाने गेला. आजही तेच आहे. उंची किमान १६२.५ सेंटीमीटर, पायाची लांबी ९९ ते १२०, मांडी ६४ पेक्षा जास्त नको, बसल्यावरची उंची ८१.५ ते ९६. यात अपमान काहीच नाही. कॉकपिट शिंप्याकडून उसवून आणता येत नाही. पाय पेडलपर्यंत पोचले नाहीत तर विमान वळणार नाही, आणि मांडी लांब असली तर बाहेर उडी घेताना गुडघे डॅशबोर्डला लागतील. म्हणून माझ्याकडे येणाऱ्या प्रत्येकाला मी आधी भिंतीला टेकवून बसवतो आणि टेप काढतो. भाडं खर्चून दूर जाऊन मग कळण्यापेक्षा इथे ओसरीवर कळलेलं बरं.

खरी यंत्रं आली दुसऱ्या महायुद्धात. वैमानिक हजारोंनी लागत होते आणि शिकताना अर्धवट गळालेल्या पोराचा खर्च सरकारच्या डोक्यावर बसत होता. अमेरिकेत १९४१पासून जॉन फ्लॅनागन नावाच्या मानसशास्त्रज्ञाच्या हाताखाली सगळी फौज या कामाला लागली. त्यांनी १९४३मध्ये एक धाडस केलं. हजाराहून थोड्या जास्त मुलांना गुण न बघता सरसकट उडायला पाठवलं आणि शेवटी ताळा केला. चाचणीत तळाला असलेले बहुतेक सगळे शिकताना गळाले होते. मला हा प्रयोग फार आवडतो. चाचणी बरोबर आहे असं नुसतं म्हणायचं नाही, तिला नापास व्हायची संधी द्यायची.

त्याच १९४३ साली डेहराडूनला आपल्याकडे अधिकारी निवडण्याचं प्रायोगिक बोर्ड निघालं. त्याच मुळातून पुढे डीआरडीओची दिल्लीची मानसशास्त्रीय संस्था, डीआयपीआर, वाढली. आणि वैमानिकांसाठी आली पीएबीटी ही चाचणी, माझ्या नोकरीभर जिचा दरारा होता ती. दोन यंत्रांची नावं सगळ्यांना पाठ असायची, एसएमए आणि सीव्हीटी. इंग्लंडच्या रॉयल एअर फोर्समध्येही याच नावांची यंत्रं होती, हे तिथलंच बियाणं.

एसएमएमध्ये समोर पडदा आणि त्यावर उजेडाचा ठिपका. हातात दांडा, पायाखाली पेडल. पायाने ठिपका डावीउजवीकडे सरकतो, दांड्याने वरखाली. तो मधोमध ठेवायचा, आणि तो काही केल्या मधोमध राहत नाही. त्यात मध्येच लाल दिवा लागतो, बझर वाजतो, तो दुसऱ्या हाताने बंद करायचा. दिव्याकडे बघितलं की ठिपका पळाला, ठिपक्याकडे बघितलं की दिवा राहिला. रोवण्याआधी चिखलात नांगर धरलेल्या माणसाला हे समजावून सांगावं लागत नाही. हात रुमण्यावर, पाय चिखलात, तोंड बैलांशी आणि लक्ष धुऱ्यावर. सीव्हीटीत फिरत्या ड्रमवर ठिपक्यांची नागमोडी ओळ येते आणि तिच्यावरून काटा न्यायचा असतो. ओळ वळल्यावर हात वळवला तर उशीर झालेला असतो, ती वळणार हे आधी दिसावं लागतं.

आता ही मशीनं गेली. २०१०च्या दशकात त्यांच्या जागी संगणकावरची सीपीएसएस आली. तिची मूळ कल्पना अब्दुल कलामांची. कलाम स्वतः १९५८मध्ये विमानदलासाठी डेहराडूनच्या बोर्डासमोर गेले होते. पंचवीस जणांत नववे आले आणि जागा होत्या आठ. त्यांची हुकलेली परीक्षा ही चाचणी नव्हती, बोर्ड होतं; पण निवडीच्या दारातून परत फिरलेल्या माणसानेच पुढे निवडीचं यंत्र सुचवावं, हे मला गमतीचं वाटतं. राष्ट्रपती असताना, जून २००६मध्ये, ते पुण्याच्या लोहगाववरून सुखोईत बसून उडाले.

एकदाच का, हा प्रश्न प्रत्येक पोर विचारतं. कुणी म्हणतं अन्याय आहे. मला तसं वाटत नाही. दहा वेळा बसू दिलं तर दहाव्या वेळी यंत्र हात मोजणार नाही, सराव मोजेल. आणि ज्याच्या बापाकडे सरावाचे पैसे त्याचा नंबर लागेल. शहरात डमी मशीन लावून फी घेणारे क्लास आहेतच. विद्यार्थ्याची भीती मोडायला त्यांचा उपयोग असेल, नाही म्हणत नाही. पण एकदाच्या अटीने त्यांच्या धंद्याला वेसण आहे, आणि आमच्या अर्जुनी तालुक्यातल्या मुलीच्या ती फायद्याची आहे. ठिपक्याला तिचं गाव कळत नाही. मुलाखतीत कपडे दिसतात, उच्चार ऐकू येतो. यंत्रासमोर बसलं की फक्त हातपाय.

अर्थात यंत्रापर्यंत पोचणं ही दुसरीच लढाई. राज्य सरकारने एनडीएच्या तयारीसाठी औरंगाबादला संस्था काढली ती १९७७ साली, मुलांसाठी. मुलींची नाशिकला निघाली ती अगदी अलीकडे, कारण एनडीएचं दारच मुलींना उघडलं सर्वोच्च न्यायालयाच्या २०२१च्या आदेशानंतर, आणि पहिली तुकडी आत गेली २०२२मध्ये. गोंदियाजवळ बिरसीला इंग्रजांनी दुसऱ्या महायुद्धात धावपट्टी बांधली होती. आज तिथे नागरी वैमानिक शिकतात, पण ती फी आमच्या बांधीतून निघणारी नाही. आणि तसं लायसन्स काढून विमानदलाकडे गेलं तरी ही चाचणी टळत नाहीच.

मग मी तिला काय शिकवतो? घड्याळं. चाचणीचा एक भाग कागदावरचा असतो. आधी विमानातल्या उपकरणांची माहिती देतात, मग काट्यांची चित्रं दाखवून विमान चढतंय का उतरतंय, कुठे वळतंय, किती उंचीवर आहे, हे भराभर विचारतात. याची तयारी होते, आणि हे मला येतं. खताच्या पिशवीच्या पाठीवर मी तिला जुन्या अल्टिमीटरची तबकडी काढून दिली, पुठ्ठ्याचे तीन काटे टाचणीने लावले. लांब काटा शेकड्यांचा, आखूड हजाराचा, आणि सगळ्यांत बारका दहा हजारांचा. हा बारका काटाच घात करतो. दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकेत फिट्स आणि जोन्स या संशोधकांनी वैमानिकांच्या वाचनातल्या चुका गोळा केल्या, त्यांत या तीन काट्यांचा गोंधळ फार. वैमानिकाला वाटायचं आपण तेरा हजार फुटांवर आहोत, आणि असायचा तीन हजारांवर. खाली डोंगर. म्हणून मी तिला सांगितलं, बारक्याकडे आधी बघायचं, मग आखूड, मग लांब. मोठ्या आकड्याकडून लहान आकड्याकडे.

"मग त्यायनं तीन काटे ठेवलेच कायले?" ती म्हणाली.

बनवणाऱ्याला सोयीचं होतं म्हणून. वाचणाऱ्याला विचारलं नव्हतं. पुढे आकड्यांची खिडकी आली.

चार दिवसांत ती माझ्यापेक्षा भरभर वाचायला लागली. अडतं ते दुसरीकडेच. काटे तिला कळतात, पण ते समजावणारं ब्रीफिंग इंग्रजीत असतं आणि दुसऱ्यांदा कुणी सांगत नाही. 'टर्न इंडिकेटर' ऐकून ती मनात आधी मराठी करते, तेवढ्यात पुढचं वाक्य निघून जातं. म्हणून आता घड्याळांबद्दल मी तिच्याशी इंग्रजीतच बोलतो, हँगरमधलं माझं मोडकंतोडकं इंग्रजी. ती मोबाईलवर दुसऱ्या कुणाचं तरी ऐकते आणि येऊन माझे उच्चार सुधारते.