डेम्लो संख्या आणि डहाणूचे कापरेकर

बोईसर-तारापूरचे नाव निघताच आज अणुवीज केंद्र आठवते. १९६९ पासून त्या केंद्राने या किनाऱ्यास देशभर ओळख मिळवून दिली. परंतु तेथून थोडे उत्तरेस असलेल्या डहाणूने त्यापूर्वीच गणितशास्त्रास एक माणूस दिला होता, याचे स्मरण आपल्यापैकी थोड्यांसच असते. पालघर जिल्हा २०१४ साली निर्माण झाला. त्याआधी कितीतरी वर्षे, १९०५ साली, दत्तात्रय रामचंद्र कापरेकर यांचा जन्म डहाणूस झाला. पुण्याच्या फर्ग्युसन कॉलेजात शिकून ते १९३० साली देवळालीस शिक्षक झाले आणि १९६२ पर्यंत त्याच पेशात राहिले.

त्यांच्या लाडक्या संख्यांपैकी एकच येथे घेऊ: १२३४५६७८९८७६५४३२१. ही उलट वाचली तरी तीच राहते. नऊ एकांनी बनलेल्या १११११११११ या संख्येचा हा वर्ग होय. गुणाकार पाटीवर मांडला की त्यातील मर्म उलगडते. एकांच्या नऊ ओळी एकेक घर डावीकडे सरकत जातात. उभ्या रकान्यांत एक, दोन, तीन असे चढत मधोमध नऊ एक जमतात आणि पुढे तसेच उतरतात. हातचा कोठेच येत नाही. या संख्येच्या अंकांची बेरीज ८१, आणि ८१ ने तिला निःशेष भागही जातो. अशा, आपल्या अंकांच्या बेरजेने भागल्या जाणाऱ्या संख्यांस कापरेकरांनी ‘हर्षद’, म्हणजे आनंद देणाऱ्या, असे नाव दिले. वर्गांच्या या मालिकेस मात्र त्यांनी ‘डेम्लो’ म्हटले. मुंबईपासून तीसेक मैलांवरच्या, आज डोंबिवली म्हणून ओळखल्या जाणाऱ्या स्टेशनाचे ते नाव. तेथेच त्यांस ही कल्पना सुचली होती.

दहा एकांचा वर्ग केला, की मध्यावर दहा जमून हातचा येतो आणि १२३४५६७९००९८७६५४३२१ असे उत्तर निघते. डौल मोडला! यावरून कित्येक विद्वान म्हणत, की हा संख्येचा गुण नसून दशमान लेखनाचा खेळ आहे. आक्षेप खरा आहे. बारावर आधारलेल्या लेखनात हाच डौल अकरा एकांपर्यंत टिकेल. परंतु आमच्या मते आक्षेपातच उत्तर आहे. सौंदर्य कोठवर टिकते आणि नेमके कशाने भंगते, हे शोधणे म्हणजेच गणित. ज्या लेखनपद्धतीत आपण रोजचा हिशेब मांडतो, तिचे अंतरंग या खेळाने जितके उघड होते तितके पाठांतराने होत नाही.

या शिक्षकाच्या खटाटोपास पुष्कळांनी पोरखेळ मानले. १९७५ साली मार्टिन गार्डनर यांनी ‘सायंटिफिक अमेरिकन’ मासिकात त्यांच्याविषयी लिहिले, तेव्हा कापरेकर सत्तरीत होते; १९८६ साली ते निवर्तले. अणूचे सामर्थ्य पाहावयास तारापुरासारखे केंद्र उभारावे लागते. संख्येचे सामर्थ्य पाहावयास पाटी-पेन्सिल पुरते. ती प्रत्येक मुलाच्या हाती आहे. तिच्यावर आकडे मांडून रमण्याची मोकळीक मात्र आपण वडीलधाऱ्यांनीच द्यावयास हवी.