बडोद्याचे ॲव्रो आणि उरलेले एंजिन

२० सप्टेंबर २०२३ रोजी बडोद्याच्या धावपट्टीवर स्पेनहून आलेले एक नवे विमान उतरले. वायुदलासाठी घेतलेल्या सी-२९५ जातीचे ते पहिले विमान होय. ज्या ११ क्रमांकाच्या पथकासाठी ते आले, त्या पथकाकडे तोवर ॲव्रो विमाने होती. ॲव्रोचा तो उंच, कर्कश स्वर हरणीच्या परिसरातील बडोदेकरांच्या कानांना इतका सरावाचा झाला होता, की मान वर करून पाहण्याचे कोणास कारण पडत नसे.

परंतु हे विमान मुळात लष्करासाठी जन्मलेले नव्हते. महायुद्धानंतर जगभर उतारूंची ने-आण करणाऱ्या डाकोटाची जागा घेण्यासाठी ब्रिटनच्या ॲव्रो कंपनीने ७४८ ह्या प्रवासी विमानाची आखणी केली. २४ जून १९६० रोजी ते प्रथम उडाले. त्याची बांधणी कानपुरास करण्याचे भारताने ठरविले आणि सव्वा वर्षानंतर, १ नोव्हेंबर १९६१ रोजी, वायुदलाच्या तेथील कर्मशाळेत तयार झालेले पहिले विमान आकाशात गेले. त्यास दिवंगत एअर मार्शल सुब्रतो मुखर्जी यांच्या स्मरणार्थ ‘सुब्रतो’ हे नाव देण्यात आले. पुढे एकंदर ८९ विमाने भारतात तयार झाली. त्यांतील बहुतेक वायुदलाकडे गेली. थोडी इंडियन एअरलाइन्सने १९६७ पासून प्रवासी मार्गांवर आणली.

शंकेस सुरुवात झाली ती ह्या प्रवासी मार्गांवर.

वास्तविक ॲव्रोचे एंजिन नवखे नव्हते. रोल्स-रॉइस कंपनीचे डार्ट एंजिन भारतीय वैमानिकांनी १९५७ पासून व्हायकाउंट विमानांवर हाताळले होते. साधी घडण आणि दणकटपणा यांबद्दल त्याचा लौकिक होता. मग तेच एंजिन ॲव्रोवर येताच वैमानिकांच्या मनात शंका का यावी? उत्तर अगदी सरळ आहे. व्हायकाउंटला अशी चार एंजिने होती, एक बंद पडले तरी तीन उरत. ॲव्रोला दोनच. एक गेले की सारा भार उरलेल्या एकावर.

त्यात आपल्याकडची हवा. टर्बाइन एंजिनाची ताकद त्यातून जाणाऱ्या हवेवर अवलंबून असते, आणि तापलेली हवा विरळ असते. मे महिन्याच्या दुपारी गुजरातेत किंवा विदर्भात जे तापमान असते, ते इंग्लंडच्या कारखान्यात बसून कोणी सहज कल्पनेत आणणार नाही. उन्हाळ्यात उड्डाणाच्या वेळी घटलेली शक्ती भरून काढण्यासाठी डार्ट एंजिनात पाणी व मिथेनॉल यांचे मिश्रण सोडण्याची सोय होती. तरीही विमान पूर्ण भरलेले, धावपट्टी अर्धीअधिक मागे पडलेली, आणि नेमके त्या क्षणी एक एंजिन थांबले, तर? थांबलेल्या पंख्याची पाती ताबडतोब वाऱ्याच्या रेषेत वळवावी लागतात, नाहीतर तोच पंखा विमानाला मागे ओढू लागतो. मग उरलेल्या एंजिनावर चढावयाचे. आजचा आंतरराष्ट्रीय नियम सांगतो, की दोन एंजिनांच्या विमानाने अशा वेळी चाके आत घेतल्यावर दर शंभर मीटर अंतरामागे किमान २.४ मीटर चढले पाहिजे. कागदावर हा आकडा क्षुल्लक वाटतो. समोर टेकडी असली की तो क्षुल्लक राहत नाही.

हे ज्यांच्या हाती सोपवावयाचे, ती माणसे कोण होती? १९५३ मध्ये आठ खासगी कंपन्यांचे विलीनीकरण होऊन इंडियन एअरलाइन्स उभी राहिली, तेव्हा तिच्या वाट्याला डाकोटांचा मोठा ताफा आणि ती चालविणारे वैमानिक आले. त्यांच्यात युद्धकाळात तयार झालेले अनुभवी लोक होते. नवी भरती बरीचशी फ्लाइंग क्लबांतून आणि अलाहाबादच्या नागरी विमान प्रशिक्षण केंद्रातून होई. अशा तरुणाच्या गाठीशी असे ते एका एंजिनाच्या हलक्या विमानावरील दोनएकशे तासांचे उड्डाण. त्याला टर्बाइन विमानाच्या सहवैमानिकाच्या आसनावर बसवावयाचे, तर दोन एंजिनांतील एक मुद्दाम मंद करून त्याचा हात पुन्हा पुन्हा घोटून घ्यावा लागे. जुन्या कप्तानाचीही गत निराळी नव्हती. डाकोटावरील हजारो तास नव्या विमानाची स्वतंत्र परीक्षा चुकवू शकत नसत.

म्हणून वैमानिकांनी घेतलेल्या हरकती केवळ पगाराच्या वाटाघाटींतील डावपेच होत्या, असे म्हणणे अन्यायाचे होईल. सरकारनेही तसे मानले नाही. १९७० नंतरच्या आरंभीच्या वर्षांत ह्या विमानाच्या उड्डाणयोग्यतेची पडताळणी बंगलोरच्या भारतीय विज्ञान संस्थेचे प्रा. सतीश धवन यांच्याकडे सोपविण्यात आली. कारखान्याची कोष्टके एका बाजूला आणि वैमानिकाची भीती दुसऱ्या बाजूला, असा तो वाद होता. तो मिटवावयाचा तर विमान प्रत्यक्ष उडवून त्याचे चढणे मोजणे हाच मार्ग होता, आणि तोच पत्करण्यात आला.

४ ऑगस्ट १९७९ रोजी पुण्याहून मुंबईस येणारे इंडियन एअरलाइन्सचे ॲव्रो पनवेलजवळच्या डोंगरावर आदळले आणि ४५ जणांचा अंत झाला. विमान पावसाळी ढगांत डोंगरावर गेले होते, एंजिनाचा तो दोष नव्हता. पण एकदा विमानाचे नाव संशयात आले की लोक एवढा फरक करीत बसत नाहीत.

प्रवासी मार्गांवरून ॲव्रो गेले, वायुदलात मात्र टिकले. सप्टेंबर २०२१ मध्ये त्यांच्या जागी ५६ सी-२९५ घेण्याचा करार झाला. १६ विमाने सेव्हिलहून तयार यावयाची, ४० बडोद्यास टाटांच्या कारखान्यात बनावयाची. २८ ऑक्टोबर २०२४ रोजी त्या कारखान्याचे उद्घाटन झाले. ह्या विमानाची प्रॅट अँड व्हिटनी एंजिने एटीआर-७२ ह्या प्रवासी विमानावरील एंजिनांच्याच कुळातील आहेत. प्रत्येकाची नेहमीची शक्ती २,६४५ अश्वशक्ती. एक बंद पडल्यास दुसरे आपोआप २,९२० पर्यंत चढते. वैमानिक आधी सेव्हिलला शिकून आले, नंतर आग्र्यास सिम्युलेटर बसविण्यात आला. तेथे एंजिन धावपट्टीच्या मध्यावर बंद पाडता येते, तेही हवे तितक्या वेळा आणि मे महिन्याच्या तापमानात.