रशियन आरमार, आपले खलाशी आणि १९७१ च्या तारखा

डिसेंबर उजाडला की कर्जत-खालापूरच्या आमच्या बहुतेक व्हॉट्सअॅप ग्रुपांवर एक मेसेज हमखास फिरतो. "१९७१ ला रशियन आरमार आलं म्हणून आपण वाचलो." खाली शे-दीडशे अंगठे. पत्रकार माणूस, म्हणून म्हटलं, जरा तारखा लावून बघू.

रशियाची मदत झाली, यात वाद नाही. ९ ऑगस्ट १९७१ चा मैत्री करार सगळ्यांना माहीत आहे. पण मुंबई बंदरात त्या वर्षी खऱ्या कामाच्या ठरल्या त्या रशियन बनावटीच्या आठ छोट्या मिसाइल बोटी. निपात, निर्घात, वीर, विनाश, विद्युत, विजेता, नाशक, निर्भीक. प्रत्येकीवर चार क्षेपणास्त्रं. बोटी तिकडच्या, पण त्यावरची माणसं आपली. व्लादिवोस्तोकच्या थंडीत महिनोन्‌महिने राहून, रशियन भाषा शिकून आलेली.

बोटी मालवाहू जहाजांवरून आधी कलकत्त्याला उतरल्या. इतकं वजन उचलणारी क्रेन मुंबईत नव्हती. तिथून मोठ्या जहाजांनी दोर लावून त्या मुंबईला ओढत आणल्या. या बोटी किनारा राखण्यासाठी बनवलेल्या. वेग जबरदस्त, पण पल्ला कमी. तरी त्यांना शत्रूच्या दारात नेऊन हल्ला करायचा, हे डोकं आपल्या नौदलाचं. मॉस्कोच्या माहितीपुस्तकात ते लिहिलेलं नव्हतं.

४ डिसेंबरच्या रात्री कमांडर बब्रुभान यादव यांच्या नेतृत्वाखाली निपात, निर्घात आणि वीर कराचीवर गेल्या. सोबतीला किल्टन आणि कच्छल. पाकिस्तानची विनाशिका खैबर आणि सुरुंगशोधक मुहाफिज बुडाली. आपली एकही बोट गेली नाही. चारच दिवसांनी विनाश पुन्हा गेली आणि केमारीच्या तेलाच्या टाक्या पेटल्या. आपण ४ डिसेंबरला नौदल दिन पाळतो तो यासाठी.

आता तारखा बघा. अमेरिकेचं एंटरप्राइझ बंगालच्या उपसागरात शिरलं ते १५ डिसेंबरच्या आसपास. त्याच्या मागावर रशियन जहाजं आली तीही त्याच सुमाराला. कराची त्याआधीच पेटून झाली होती. १६ ला तर ढाका पडलं.

किंमतही आपणच मोजली. ९ डिसेंबरला दीवजवळ खुकरी बुडाली. कॅप्टन महेंद्रनाथ मुल्लांसह १८ अधिकारी आणि १७६ खलाशी गेले.

रशियन आरमार खरोखर तळ ठोकून राहिलं ते युद्धानंतर, चितगाव बंदरात. १९७२ ते १९७४ अशी दोन वर्षं रिअर अॅडमिरल झुएन्को यांच्या माणसांनी तिथले सुरुंग आणि बुडालेली जहाजं काढून बंदर मोकळं केलं. युरी रेडकिन हा तरुण खलाशी त्यात गेला. रशियाचे आभार मानायचे तर या कामासाठी मनापासून मानू. त्याबद्दल मात्र एकही मेसेज फिरत नाही!

मित्रहो, त्या वेळी विशीत असलेले आपले नौसैनिक आणि गोदी कामगार आज सत्तरी ओलांडून गेलेत. कर्जत, नेरळ, खोपोली, चौक, तुमच्या गावात कोणी असतील तर या महिन्यात त्यांच्याकडे जा. चहा घ्या, मोबाइलवर त्यांचं बोलणं रेकॉर्ड करून ठेवा. ते गेले की मागे फक्त फॉरवर्ड उरतील.