१४. ज्योती गवते
ज्योती गवते : परभणीच्या मॅरेथॉन धावपटू. १५ जानेवारी २०१७ रोजी मुंबई मॅरेथॉनमध्ये (४२.१९५ किमी) त्या भारतीय महिलांत पहिल्या आल्या, वेळ २ तास ५० मिनिटे ५३ सेकंद. या शर्यतीत भारतीय धावपटूंचे क्रमांक स्वतंत्रपणेही काढतात. शर्यतीच्या परतीच्या वाटेवर, पाय पार थकलेले असताना, पेडर रोडचा चढ लागतो. २०१९ मध्ये याच शर्यतीत ज्योती यांनी हेच अंतर २ तास ४५ मिनिटे ४८ सेकंदांत कापले, पण भारतीय महिलांत धावपटू सुधा सिंग यांच्यामागे त्या दुसऱ्या आल्या. विजेतेपद २०१७ चे असले, तरी धावण्याच्या दृष्टीने पाच मिनिटांनी सरस असलेली ही दुसरी कामगिरीच अधिक मोलाची आहे.