दुर्बिणीच्या अंगावरचे दोन आकडे

१६०८ च्या ऑक्टोबरात मिडलबर्गचा चष्मेवाला हान्स लिपरशाय एक नळी घेऊन हेगला डच सरकारच्या दारी गेला. लांबचं जवळ दाखवणाऱ्या या नळीचं पेटंट त्याला हवं होतं. सरकारी मंडळींनी नळीतून पाहिलं, खूश झाली आणि तिथल्या तिथे नवी फर्माईश केली. एक डोळा मिटून कोण बघत बसणार, दोन्ही डोळ्यांनी पाहता येईल अशी करून आण! लिपरशायने पुढच्या काही महिन्यांत तशी तीन यंत्रं करून दिली आणि नऊशे गिल्डर खिशात घातले. पेटंट मात्र त्याला मिळालं नाही, कारण ही युक्ती इतरांनाही ठाऊक असल्याचं एव्हाना उघड झालं होतं.

मागणी लगेच आली, पण ती नीट पुरी व्हायला पावणेतीनशेहून जास्त वर्षं लागली. दोन नळ्या शेजारी बसवल्या की काम झालं, असं होत नाही. दोन्हींची दिशा तंतोतंत समांतर हवी, दोन्हींतून प्रतिमा सारखीच मोठी दिसायला हवी. त्यात जरा फरक पडला की डोळे दोन चित्रं जुळवायची धडपड करतात आणि दहा मिनिटांत डोकं दुखायला लागतं. शिवाय लिपरशायच्या आणि गॅलिलिओच्या रचनेत डोळ्याकडचं भिंग अंतर्वक्र असे. चित्र सुलटं दिसायचं खरं, पण जरा जास्त मोठं करायला जावं तर दिसणारा तुकडा अगदीच चिंचोळा व्हायचा. म्हणून ही जात तिपटीच्या आसपास रेंगाळली आणि नाटकघरात शिरली. १८२३ मध्ये व्हिएन्नाच्या फोइग्टलेंडरने अशी जोडदुर्बीण विकायला काढली. दोनच वर्षांनी पॅरिसच्या लेमिएरने दोन्ही नळ्या एकदम पुढेमागे सरकवणारं मधलं चाक बसवलं. आज ताडोब्यात जिप्सीत बसून पर्यटक जे चाक फिरवतो, ते मुळात गायिकेचा चेहरा स्पष्ट दिसावा म्हणून जन्माला आलं.

केप्लरने १६११ मध्ये दोन बहिर्वक्र भिंगांची रचना सुचवली होती. तिच्यात चित्र रुंद दिसे, पण उलटं. ताऱ्यांना डोकं कुठे आणि पाय कुठे, त्यामुळे खगोलवाल्यांचं काही अडलं नाही. हरणाच्या मागावर निघालेल्याला मात्र ते चालणार नव्हतं. चित्र सुलटं करायला आणखी भिंगं घालावी लागत आणि नळी हातभर लांब होई. स्कॉटलंडच्या डोंगराळ भागातले शिकारी अशाच पितळी, घडीच्या दुर्बिणी वापरत. जमिनीवर आडवं व्हायचं, दुर्बीण कशावर तरी टेकवायची आणि समोरचा उतार वीत वीत चाळायचा. या माणसांची नजर इतकी तयार होती, की १९०० मध्ये बोअर युद्धासाठी लॉर्ड लोव्हॅटने त्यांचीच टेहळणी तुकडी उभी केली.

हातभर नळी गळ्यात मावेल इतकी आखूड केली ती काचेच्या लोलकांनी. इटलीतला तोफखान्याचा अधिकारी इग्नात्सिओ पोरो याने १८५४ मध्ये दोन लोलकांच्या रचनेचं पेटंट घेतलं. प्रकाश आत चार वेळा परावर्तित होतो, त्या ओघात चित्र सुलटं होतं आणि वाटेची घडी पडल्यामुळे नळीही तोकडी होते. कल्पना बिनतोड होती, पण काच दगा देत होती. लोलकाच्या जाड काचेतून प्रकाशाला बराच प्रवास करावा लागतो, आणि त्या काळच्या काचेत बुडबुडे आणि रेघा असत. येना शहरात कार्ल त्साइसच्या कारखान्यातला एर्न्स्ट आबे पोरोचं काम माहीत नसताना त्याच रचनेपाशी पोहोचला. त्याच्या नशिबाने १८८४ मध्ये ओटो शॉटने येनातच काचेचा कारखाना काढला आणि हवी तशी निर्मळ काच हाताशी आली. पेटंट मागायला गेल्यावर आबेला कळलं, की लोलकांची युक्ती आधीच कागदावर चढलेली आहे. मग त्याने पुढची भिंगं एकमेकांपासून डोळ्यांपेक्षा जास्त अंतरावर ठेवल्याने खोली अधिक उठावदार दिसते, या मुद्द्यावर पेटंट मिळवलं. १८९४ मध्ये त्साइसच्या चौपट, सहापट आणि आठपट दुर्बिणी बाजारात आल्या. खांद्यात रुंद आणि डोळ्यांपाशी अरुंद, हा दुर्बिणीचा ओळखीचा आकार इथला.

मग सैन्यांनी तिच्यावर झडप घातली. पहिल्या महायुद्धात ब्रिटनची पंचाईत झाली, कारण चांगली काच बरीचशी जर्मनीतूनच यायची. १९१४ मध्ये वयोवृद्ध सेनानी लॉर्ड रॉबर्ट्सना घरातल्या दुर्बिणी सैन्याला उसन्या द्या, असं लोकांना आवाहन करावं लागलं. अमेरिकी नौदलानेही तेच केलं. नागरिकांनी दिलेल्या दुर्बिणीमागे एक डॉलर, आणि युद्ध संपल्यावर शक्य तर परत, असा तो व्यवहार होता.

कोणाला कोणती दुर्बीण हवी, हे ठरवताना तिच्या अंगावरच्या आकड्यांचा अर्थ लागतो. ८×४२ मधला पहिला आकडा किती पट ते सांगतो, दुसरा पुढच्या भिंगाचा व्यास मिलिमीटरमध्ये. दुसऱ्याला पहिल्याने भागलं की डोळ्यात शिरणाऱ्या प्रकाशझोताची जाडी मिळते. खलाशाने ७×५० उचलली, कारण डोलणाऱ्या डेकवर सातपटीहून जास्त हात स्थिर राहत नाही आणि सात मिलिमीटरचा झोत अंधारात पूर्ण उघडलेली तरुण डोळ्याची बाहुली भरून टाकतो. जर्मन शिकारी संध्याकाळी मचाणावर चढून रानडुकराची वाट पाहतो, त्याने ८×५६ पसंत केली. पुन्हा सातच मिलिमीटर. उजेड असताना बाहुली दोन-तीन मिलिमीटरपर्यंत आक्रसते, तेव्हा हे सगळं ओझं फुकट जातं. तरीही दुकानात जाऊन ‘जास्तीत जास्त पॉवरची द्या’ म्हणणारे भेटतातच. वीसपट दुर्बीण हातात धरली की पक्ष्याऐवजी स्वतःची नाडी दिसते.

उजेडाची गळती थांबवली ती अलेक्झांडर स्माकुला याने. काच आणि हवा जिथे भेटतात तिथे दर वेळी चार-पाच टक्के प्रकाश मागे उसळतो. दुर्बिणीत असे दहा पृष्ठभाग धरले तरी एक तृतीयांशाहून जास्त प्रकाश वाटेतच हरवतो. त्साइसमध्ये काम करताना १९३५ मध्ये स्माकुलाने भिंगावर अतिपातळ लेप चढवून ही उधळपट्टी आवरली. भिंगावर तिरकं पाहिलं की जांभळट-हिरवी झाक दिसते ती याच लेपाची. सरळ नळ्यांची सडपातळ दुर्बीणही जुनीच. वेट्झलारच्या हेन्सोल्टने १९०५ मध्ये छपराच्या आकाराचे लोलक वापरून ती विकायला काढली होती. पण त्या लोलकात चित्राचा रेखीवपणा थोडा मार खायचा. तो दोष घालवणारा लेप १९८८ मध्ये आला आणि मग जुन्या रुंद खांद्यांची पीछेहाट झाली.

पक्षी पाहणारी मंडळी या घराण्यात उशिरा आली. एकोणिसाव्या शतकात पक्षी ओळखायचा म्हणजे आधी बंदुकीने पाडायचा, अशीच रीत होती. १८८९ मध्ये फ्लोरेन्स मेरियम या अमेरिकी तरुणीने नाटकाची दुर्बीण घेऊन पक्षी पाहा, असं सांगणारं पुस्तक लिहिलं. जेमतेम तिप्पट मोठं दाखवणाऱ्या खेळण्यावर तिने हे धाडस केलं. खानदेशातल्या वनपिंगळ्याच्या बाबतीत दोन्ही रीती दिसतात. जेम्स डेव्हिडसन या ब्रिटिश अधिकाऱ्याने १८८० च्या दशकात तिथे या घुबडाचे नमुने मारून जमवले. १८८४ नंतर शतकाहून अधिक काळ त्याची एकही खरी नोंद झाली नाही. पक्षिसंग्राहक रिचर्ड माइनर्ट्झहागनने १९१४ चा म्हणून दाखवलेला नमुना चोरीचा निघाला. १९९७ च्या नोव्हेंबरात पामेला रासमुसेन, बेन किंग आणि डेव्हिड ॲबट या पक्षी-अभ्यासकांना शहाद्याजवळ तो पक्षी जिवंत दिसला. नेहमीच्या पिंगळ्यासारखे ठिपके डोक्यावर नाहीत, पाय जाड आणि पांढरे, हे सगळं झाडावर बसलेल्या पक्ष्यावर ताडता आलं. पुरावा म्हणून चित्रफीत पुरली.

भारतात १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतर शिकाऱ्याची गरज सरली आणि पक्षीनिरीक्षकाचा ८×४२ हा आकडा रुळला. सव्वापाच मिलिमीटरचा झोत पहाटे आणि तिन्हीसांजेला पुरतो, हात थरथरत नाही, वजन मानेला झेपतं. दहापटीत तपशील जरा जास्त दिसतो, पण दाट पानांत उडी मारणारा वटवट्या शोधताना अरुंद चित्र नडतं. भिगवणच्या पाण्यावर लांब बसलेल्या बदकांसाठी मात्र दहापटच बरी. चष्मा असेल तर डोळा काचेपासून किमान पंधरा मिलिमीटर मागे राहूनही पूर्ण चित्र दिसतं का, हे दुकानातच तपासावं. विजेच्या तारेकडे रोखून दुर्बीण हळूहळू डोळ्यांपासून लांब न्यावी. दोन नळ्यांतल्या तारा वरखाली दिसल्या तर ती परत द्यावी. लिपरशायच्या काळापासूनचं दुखणं तिच्यात आहे.

आता फुलपाखरंवाल्यांची फर्माईश आली आहे. त्यांना लांबचं नको, पायाजवळचं मोठं हवं. पेंटॅक्सची पॅपिलिओ अवघ्या अर्ध्या मीटरवरचं फुलपाखरू दाखवते. तिच्या ६.५×२१ या आकड्यांचा भागाकार जेमतेम सव्वातीन मिलिमीटर येतो, आणि फुलपाखरं उन्हातच उडत असल्यामुळे तेवढ्यावर भागतं.